‘दिसत नाही’ म्हणजे नेमकं काय?

(मारुंजी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी विषय सांगितला : मेंदूशी आणि नसांशी निगडित डोळ्यांचे विकार, आणि त्यांच्या निदानात होणाऱ्या चुका. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते अजीजीनं म्हणाले, “मॅडम, मोतीबिंदूवर बोलता का? लोक जास्त येतील.” त्यांचं चुकलं नव्हतं. पण मोतीबिंदूवर बोलणारे पुष्कळ आहेत, शिबिरं आहेत, सरकारी योजना आहेत. शिवाय मोतीबिंदू वाट बघतो. चार महिने उशिरा शस्त्रक्रिया झाली तरी बहुतेकांची नजर परत येते. डोळ्यामागची नस मात्र थांबत नाही. तिच्यावरचा दाब वेळेत काढला नाही, तिची सूज वेळेत ओळखली नाही, तर ती सुकते, आणि सुकलेली नस परत आणणारं औषध आज कुणाकडेच नाही. म्हणून मी विषय बदलला नाही. आणि हॉल भरलेला आहे, तेव्हा संयोजकांनीही मनाला लावून घेऊ नये.

पहिल्यांदा थोडा नकाशा. मेंदूतून थेट बाहेर पडणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत. त्यातल्या सहा जोड्यांचा डोळ्याशी संबंध येतो. एक बघण्यासाठी, तीन डोळा फिरवण्यासाठी, एक डोळ्याच्या संवेदनेसाठी, एक पापणी मिटण्यासाठी. बघण्याच्या प्रत्येक नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात, तिथे निम्मे तंतू बाजू बदलतात, आणि तिथून पुढचा रस्ता पार डोक्याच्या मागच्या टोकापर्यंत जातो. म्हणजे ‘दिसत नाही’ या एका तक्रारीचं मूळ कपाळापासून मानेच्या वरच्या भागापर्यंत कुठेही असू शकतं. डोळा स्वतः ठणठणीत असतो. आणि हीच पंचाईत आहे, कारण माणूस येतो डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि डोळ्यांचे डॉक्टर बघतात डोळा.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. या विकारांत निदान चुकतं ते यंत्रं कमी पडतात म्हणून फारच थोड्या वेळा. बहुतेक वेळा चुकतं ते रुग्णाला पुरेसं विचारलं नाही म्हणून, आणि टॉर्च व दोन बोटं यांनी जे कळतं ते बघितलं नाही म्हणून. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. त्याला पुरावा आहे, तो पुढे देईन. आधी एक मुंबईची गोष्ट.

डॉ. नोशीर वाडिया हे नाव इथल्या डॉक्टरांना माहीत असेल, इतरांना कदाचित नसेल. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग उभा करणारे ते डॉक्टर. 2012 साली त्यांना पद्मभूषण मिळालं, 2016 मध्ये ते गेले. 1971 साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी आर. के. स्वामी यांनी ‘ब्रेन’ या ब्रिटिश नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकिगत छापली. या कुटुंबांतल्या माणसांचा तोल जायचा, चालताना पाय फाकायचे, बोलणं जड व्हायचं. असे आजार जगाला आधीपासून माहीत होते. वाडियांना जे वेगळं दिसलं ते त्या माणसांच्या डोळ्यांत. ते डोळे हळू हलत होते.

‘हळू’ म्हणजे काय ते आत्ताच बघू. तुम्ही सगळे माझ्याकडे बघताय. आता त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. आता परत माझ्याकडे. मधला प्रवास तुम्हाला जाणवला? नाही. कारण निरोगी डोळा अशी उडी सेकंदाला कित्येक शे अंशांच्या वेगानं मारतो. आपल्या शरीरातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ती एक. वाडियांच्या रुग्णांचे डोळे या उडीऐवजी सरपटत जायचे. काही जण तर आधी मानच फिरवायचे, कारण डोळे वेळेवर पोचणार नाहीत हे त्यांच्या शरीरानं कधीच ओळखलेलं होतं.

आता यात चूक कशी होते ते बघा. डोळ्यांची हालचाल तपासताना डॉक्टर समोर बोट धरतात, “माझ्या बोटाकडे बघा” म्हणतात आणि बोट सावकाश इकडून तिकडे नेतात. बोट सावकाश गेलं की डोळेही सावकाश जातात. रुग्णाचे डोळे मुळातच मंद असतील तर या तपासणीत त्यांचा मंदपणा झाकला जातो. सगळं व्यवस्थित दिसतं. कागदावर ‘हालचाल पूर्ण’ असा शेरा पडतो. योग्य पद्धत अशी : दोन्ही हातांची बोटं दोन बाजूंना धरायची, आणि रुग्णाला म्हणायचं, “डावीकडे… उजवीकडे… डावीकडे.” आता डोळ्याला उडी मारावी लागते, आणि ती येत नसेल तर पाच सेकंदांत कळतं. खर्च शून्य. बोटं तीच, फक्त काम वेगळं सांगायचं.

तोल जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे सगळ्यात आधी विचारलं जातं, “घेऊन आलाय का?” दारूचा शिक्का एकदा बसला की पुढचं कुणी बघत नाही. वाडियांनी डोळे बघितले, मग घर विचारलं. वडिलांना असं होतं का, आत्याला होतं का, कोणत्या वयात सुरू झालं. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो आजार येण्याची शक्यता निम्मी, असं वंशवृक्ष काढल्यावर दिसलं. 1996 साली या आजाराचं जनुक सापडलं, आणि 1998 मध्ये वाडियांच्याच गटानं भारतीय कुटुंबं तपासून दाखवलं की हाच तो आजार. त्याला आता एससीए-2 म्हणतात. प्रयोगशाळेला जे कळायला पंचवीसहून अधिक वर्षं लागली, त्याची वेगळी ओळख दोन बोटांनी आणि घरच्या चौकशीनं आधीच पटवून ठेवली होती.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. 1971 साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. बांगलादेशचं युद्ध सुरू होतं, निर्वासितांचे लोंढे येत होते, बंगालमध्ये लोकांनी या साथीला ‘जय बांगला’ असं नाव ठेवलं होतं. तिची सुरुवात 1969 मध्ये आफ्रिकेत घाना देशात झाली, आणि चंद्रावर माणूस उतरला तो काळ, म्हणून तिथे तिला ‘अपोलो 11’ म्हणत. डोळे लालभडक व्हायचे, पांढऱ्या भागात रक्त साकळायचं, आठवड्याभरात बरे व्हायचे. कुणाला विशेष वाटलं नाही.

मग मुंबईच्या वॉर्डांत पाय लुळे पडलेली माणसं दिसू लागली. कमरेत आणि पायांत कळा, पाठोपाठ एक किंवा दोन्ही पाय निकामी. पोलिओसारखं चित्र, पण पोलिओ लहान मुलांचा. ही तर कमावती, धडधाकट माणसं. कुणी डोळ्यांबद्दल काही सांगत नव्हतं. सांगणार तरी का? डोळे येऊन गेलेले, बरे झालेले, आणि आता पाय चालत नाही. पायाच्या तक्रारीत डोळ्याची गोष्ट कोण काढतो? ते विचारावं लागतं. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, आणि एकेकाकडून तेच उत्तर येत गेलं : हो, थोड्या दिवसांपूर्वी डोळे आले होते. त्यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. त्या साथीच्या विषाणूला पुढे एन्टेरोव्हायरस 70 हे नाव मिळालं. तो पोलिओच्या विषाणूचाच भाऊबंद. 1981 मध्ये मुंबईत साथ पुन्हा आली तेव्हा असे रुग्ण पुन्हा दिसले, आणि या वेळी त्यांचा माग काढणं सोपं गेलं, कारण काय विचारायचं ते माहीत होतं.

जुलै 2023 मध्ये आळंदीतून डोळ्यांची साथ उठली ती आपल्या सगळ्यांना आठवते. शाळाच्या शाळा लाल डोळ्यांनी घरी बसल्या होत्या. घाबरवण्यासाठी ही जुनी गोष्ट सांगत नाहीये. आजकालच्या बहुतेक साथी साध्या असतात आणि एन्टेरोव्हायरस 70 आता क्वचितच भेटतो. सांगायचं ते वेगळं आहे. रुग्ण आपली तक्रार सांगतो. तिचा आगापिछा सांगत नाही, कारण त्यातलं काय महत्त्वाचं ते त्याला माहीत नसतं. ते काढून घेणं हे डॉक्टरचं काम.

आता मघाशी कबूल केलेला पुरावा. अमेरिकेत सेंट लुईसच्या एका न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजी विभागानं 2018 साली एक अभ्यास छापला. त्यांच्याकडे ‘ऑप्टिक न्यूरायटिस’, म्हणजे डोळ्याच्या नसेची सूज, असं निदान होऊन 122 रुग्ण पाठवले गेले होते. त्यातल्या 73 जणांना ती सूज नव्हतीच. कुणाची साधी डोकेदुखी होती, कुणाच्या नसेचा रक्तपुरवठा तुटला होता, कुणाचं आणखी काही. मग त्यांनी चूक कुठे झाली ते शोधलं. 73 पैकी 24 जणांच्या बाबतीत माहिती विचारण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात चूक होती. 23 जणांत दुसऱ्या शक्यतांचा विचारच झाला नव्हता. 15 जणांत तपासणीत जे दिसलं त्याचा अर्थ चुकला. आणि चाचण्यांचे अहवाल चुकीचे वाचले गेले ते फक्त 11 जणांत. या 73 पैकी 12 जणांच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढून झालं होतं, 8 जणांना शिरेतून स्टिरॉइड देऊन झाले होते. हे अमेरिकेतलं, जिथे यंत्रांची वानवा नाही.

निदानाचं लेबल एकदा चिकटलं की ते निघत नाही, हा यातला मोठा धोका. पुढचा डॉक्टर फाईल उघडतो, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत निदान लिहिलेलं असतं, आणि तो तिथूनच पुढे वाचायला लागतो. याची किंमत आपल्याकडेही मोजली गेली. नसेची सूज वारंवार येते, म्हणून कित्येकांना मल्टिपल स्क्लेरोसिस ठरवून इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू व्हायची. 2004 साली एक्वापोरिन-4 विरुद्धची प्रतिपिंडं सापडली आणि स्पष्ट झालं की त्यातल्या काहींचा आजार वेगळाच, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. त्या आजारात हेच इंटरफेरॉन अपाय करतं. नसेच्या सुजेवर नुसत्या तोंडी स्टिरॉइडच्या नेहमीच्या मात्रेनं सूज पुन्हा येण्याचं प्रमाण वाढतं, हेही 1992 सालापासून छापील आहे. तरी ‘बघू जरा गोळ्या देऊन’ हे चालूच आहे. यावर मला राग येतो, आणि तो येऊ द्यावा असं मला वाटतं.

आता प्रत्यक्ष खोलीत काय होतं ते सांगते. दोन-तीन रुग्णांचं मिळून एक चित्र करते, म्हणजे कुणाची ओळख लागणार नाही. साठीचे गृहस्थ, चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालेले. सोबत पत्नी. “ह्यांना उजव्या डोळ्यानं दिसत नाही,” त्या म्हणतात. आधीच्या कागदांवर लिहिलेलं : उजवा डोळा, नजर कमी, मोतीबिंदू सुरुवातीचा. तक्त्यावर मात्र उजव्या डोळ्यानं ते शेवटून दुसरी ओळ वाचतात. मग दिसत नाही कसं? मी म्हटलं, “काका, उजवा डोळा झाका आणि माझ्या नाकाकडे बघा.” झाकला. त्यांच्या उजव्या हाताच्या बाजूला मी दोन बोटं धरली. “किती बोटं?” “कुठंयत बोटं?” ते म्हणाले. म्हणजे डाव्या डोळ्यानंही उजवी बाजू दिसत नव्हती. गेलेला होता दोन्ही डोळ्यांचा उजवा अर्धा भाग, आणि बिघाड होता मेंदूच्या डाव्या अर्ध्या बाजूत. पक्षाघाताचा तो झटका हातापायाला न शिवता नुसता नजरेला लागला होता. माणसाला वाटतं, उजवीकडचं दिसत नाही म्हणजे उजवा डोळा गेला. तो प्रामाणिकपणे तसंच सांगतो, आणि आपण प्रामाणिकपणे तसंच लिहून घेतो.

त्या काकूंना मी नंतर विचारलं, पेपर वाचतात का? म्हणाल्या, “वाचायला बसतात, पण चिडून ठेवून देतात.” बरोबर आहे. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते. उजवी बाजू गेली की पुढचा शब्दच दिसत नाही, नजर प्रत्येक शब्दाला ठेचकाळते. डावी बाजू गेलेल्या माणसाची अडचण निराळी : ओळ संपल्यावर पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही, तो तीच ओळ पुन्हा वाचतो. पेपर कसा वाचता, हा एक प्रश्न विचारला तर अर्धं निदान तिथेच होतं.

हिंजवडीच्या तरुणांचं आणखी वेगळं. त्यांच्या प्रत्येक तक्रारीला उत्तर ठरलेलं आहे : स्क्रीन. डोकं दुखतं, स्क्रीन. अंधुक दिसतं, स्क्रीन. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण भूमकर चौकात बाजूनं येणारी दुचाकी दिसली नाही, महिन्याभरात दोनदा आरसा घासला, आणि तक्त्यावर नजर सहा बाय सहा, असं कुणी सांगितलं तर कान टवकारायला हवेत. दोन्ही नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या खाली पिट्युटरी ग्रंथी असते. तिची गाठ वाढून वर दाबली की दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू जाते, मधलं शाबूत राहतं. तक्ता समोर असतो, म्हणून तक्ता वाचता येतो. अशा माणसाला चष्म्याचा नंबर बदलून देणं सोपं असतं, आणि तो थोडे दिवस बरंही सांगतो.

दोन-दोन दिसतं अशी तक्रार असेल तर पहिला प्रश्न एकच : एक डोळा झाकला की दोन दिसायचं थांबतं का? थांबत असेल तर दोन डोळ्यांची जुळणी बिघडली आहे, नस किंवा स्नायू बघायला हवा. एका डोळ्यानंही दोनच दिसत असेल तर दोष बहुधा त्या डोळ्यातच, चष्म्यात किंवा मोतीबिंदूत. हा प्रश्न घरीही विचारता येतो. तो न विचारता थेट एमआरआय झालेली माणसं मला दर महिन्याला भेटतात.

आता टॉर्चकडे येऊ. डोळ्यावर उजेड टाकला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहान होतात. एका डोळ्याची नस कमजोर असेल तर उजेड चांगल्या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेताच दोन्ही बाहुल्या लहान व्हायच्या ऐवजी मोठ्या होऊ लागतात. अमेरिकेतल्या लेव्हाटिन नावाच्या डॉक्टरांनी 1959 साली ही झुलत्या टॉर्चची तपासणी मांडली. नसेचा विकार आहे की नाही हे सांगणारी इतकी खात्रीची आणि इतकी फुकटची दुसरी खूण नाही. रुग्ण खोटं बोलू शकतो, बाहुली बोलत नाही.

पण गर्दीच्या ओपीडीत काय होतं? बाहेर बाकावर रांग. सिस्टर हातात बाटली घेऊन येतात, “मान वर करा, डोळे बंद ठेवा,” आणि रांगेतल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब पडतात. अर्ध्या तासानं डॉक्टरांसमोर माणूस येतो तेव्हा दोन्ही बाहुल्या टपोऱ्या, स्थिर. आता पुढचे चार-सहा तास त्या काहीच सांगणार नाहीत. डोळ्याच्या आतला पडदा बघायला थेंब हवेतच. माझी हरकत क्रमाला आहे. आधी बाहुली, मग थेंब. तुम्हीही सिस्टरना विचारा, “बाहुल्या बघून झाल्या का?” कुणी रागावलं तर रागावू द्या.

बाहुलीचा एक प्रकार मात्र त्याच दिवशी धावपळ करायला लावणारा आहे. पापणी अचानक पडली, डोळा बाहेर आणि खाली वळला, त्या बाजूची बाहुली मोठी झाली आणि डोकं दुखतंय, तर मेंदूच्या तळाशी रक्तवाहिनीला आलेला फुगा तिसऱ्या नसेला दाबत असण्याची शक्यता असते. तो फुटला तर जीव जातो. मधुमेहातही तिसरी नस निकामी होते, पण तेव्हा बाहुली बहुधा वाचते, आणि तीनेक महिन्यांत डोळा सरळ होतो. म्हणून साखर वाढलेली दिसली की ‘शुगरमुळे’ म्हणून गोळ्या देऊन पाठवायची सवय पडते. मधुमेहाच्या माणसालाही फुगा येऊ शकतो. बाहुली आज चांगली असली तरी पापणी अर्धवटच पडलेली असेल, तर उद्याची बाहुली बघायलाच हवी. पन्नाशीपुढच्या माणसाची नजर एकाएकी गेली, कानशिलं दुखतात, घास चावताना जबडा भरून येतो, तर रक्तवाहिन्यांच्या सुजेचाही विचार हवा. ती आपल्याकडे कमी दिसते, म्हणून विसरली जाते.

एमआरआयबद्दल लोकांचा समज असा की यंत्र सगळं सांगतं. यंत्राला जे विचारलं तेच ते सांगतं. मी बघितलेली एक चिठ्ठी अशी होती : ‘एमआरआय ब्रेन. तक्रार : दिसत नाही.’ बस. डोळ्याची नस तीन-चार मिलिमीटर जाड असते, आणि साध्या ब्रेन एमआरआयचे काप साधारण पाच मिलिमीटरचे. दोन कापांच्या मध्ये नस निसटते. शिवाय तिच्याभोवती चरबी असते, ती चित्रात चमकते आणि नसेतला दोष झाकते. चरबीची चमक दाबून, कॉन्ट्रास्ट देऊन, डोळ्याच्या खोबणीचे बारीक काप घ्या, असं लिहावं लागतं. उजवी नस की डावी, किती दिवसांपासून, दुखतं का, हे लिहावं लागतं. नाहीतर ‘नॉर्मल’ असा अहवाल येतो, आणि मग ‘एमआरआय नॉर्मल आहे’ हे वाक्य पुढची दोन वर्षं त्या माणसाचा पाठलाग करतं.

उलट दिशेची चूकही तितकीच खरी आहे. नस सुजल्यासारखी दिसली की मेंदूतला दाब वाढला, असं ठरवून टाकतात. अटलांटाच्या 2016 सालच्या एका अभ्यासात असं निदान होऊन आलेले 86 रुग्ण होते, त्यातल्या जवळपास 40 टक्के लोकांना तो आजार नव्हता. काही जणांची नस जन्मतःच उंचावलेली असते, काहींच्या नसेत चुन्याचे बारीक कण असतात. ते ओळखायला सोनोग्राफी पुरते. न ओळखले तर पाठीत सुई, वर्षभर गोळ्या, आणि ‘आंधळी होशील’ ही टांगती तलवार.

या पट्ट्यात काम करताना दोन प्रश्न मी कधीच चुकवत नाही. पहिला : टीबीचं औषध चालू आहे का? 2017 नंतर आपल्याकडे रोज घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि इथॅम्ब्युटॉल हे औषध आता संपूर्ण सहा महिने चालतं. ते गरजेचं आहे, बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण थोड्या लोकांत ते डोळ्याच्या नसेला बाधतं. पहिल्यांदा लाल-हिरव्या रंगांत घोटाळा होतो, मग मधलं धूसर होतं, दोन्ही डोळ्यांत सारखंच. पडदा सुरुवातीला अगदी व्यवस्थित दिसतो. डॉक्टरांमधला जुना विनोद आहे की अशा वेळी रुग्णालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही. तिथून ‘सोंग करतोय, सुट्टी हवी असेल’ इथपर्यंत गाडी फार लवकर पोचते. टीबीचा रुग्ण आपणहून टीबीबद्दल बोलत नाही. शेजाऱ्यांना कळेल, कंपनीत कळेल, खोलीमालकाला कळेल. दार लावून, हळू आवाजात विचारावं लागतं. वेळेत सापडलं, औषध बदललं, तर पुष्कळांची नजर सावरते. गोळ्या देणाऱ्या केंद्रानं सुरुवातीलाच रंगांचं पुस्तक एकदा दाखवून नोंद ठेवली तर पुढे तुलना करता येईल, पण ती नोंद मला क्वचितच बघायला मिळते.

दुसरा प्रश्न : काय प्यायलं होतं, आणि कधी? जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं, कारखान्यांत विद्रावक म्हणून वापरतात ते. मिथेनॉल पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही. शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल बनवतं, त्याला बारा तास, कधी दिवसभर लागतो. मग उलट्या, पोटात कळा, आणि डोळ्यांपुढे पांढरं धुकं. फॉर्मिक आम्ल पेशींचा श्वास कोंडतं, आणि डोळ्याची नस त्याला फार लवकर बळी पडते. पहिल्या तासांत हे साध्या ‘उतरण्याच्या’ त्रासासारखं दिसतं, म्हणून माणसाला झोपू देतात. तिथेच वेळ जातो. इथाइल अल्कोहोल किंवा फोमेपिझोल, आणि डायलिसिस, हे उपचार आहेत, पण ते आम्ल साठण्याआधी मिळाले पाहिजेत. दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी नजर धुरकटली, हे ऐकल्यावर नीतीचं प्रवचन नको, रुग्णवाहिका हवी.

संध्याकाळी पडणाऱ्या पापणीबद्दल थोडक्यात. मायस्थेनिया या आजारात सकाळी चेहरा ठीक असतो आणि दिवस चढत जाईल तशी पापणी उतरते. ओपीडी असते सकाळी. डॉक्टरांना काहीच दिसत नाही. याला उपाय तुमच्या खिशात आहे : रात्री नऊला चेहऱ्याचा फोटो काढा, सकाळी सातला दुसरा. डॉक्टर पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवून बघतात. पापणी वर आली तर संशय पक्का होतो. आणि जुने फोटो घेऊन या. पापणी लहानपणापासून अशीच आहे की आत्ताची, बाहुल्या आधीपासून लहान-मोठ्या होत्या का, हे आधार कार्डावरच्या फोटोतसुद्धा कधीकधी दिसतं. लग्नाच्या अल्बमनं माझ्या खोलीत बरेच अँजिओग्राम वाचवलेत.

आता शेवटचा मुद्दा, आणि यावर इथले काही डॉक्टर माझ्याशी भांडतील. एवढं सगळं विचारायला वेळ कुणाकडे आहे? सरकारी ओपीडीत एका माणसाला तीन मिनिटं येतात. हे मला मान्य आहे. म्हणून माझी सूचना चष्म्याच्या दुकानाकडे बोट दाखवते. वाकड ते मारुंजी या रस्त्यावर नेत्रतज्ज्ञांपेक्षा चष्म्याची दुकानं जास्त आहेत, आणि ‘दिसत नाही’ म्हणणारा माणूस आधी तिथेच जातो. तिथला ऑप्टोमेट्रिस्ट शिकलेला असतो, त्याच्याकडे टॉर्च असतो आणि वीस मिनिटं असतात. त्यानं नंबर काढायच्या आधी चारच गोष्टी कराव्यात : बाहुल्यांवर टॉर्च झुलवावा, दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर बोटांनी बघावी, दोन दिसत असेल तर एक डोळा झाकायला सांगावं, आणि चालू औषधं लिहून घ्यावीत. काही वावगं दिसलं तर चष्मा न देता चिठ्ठी द्यावी. चष्मा न विकता माणूस परत पाठवणं हा धंद्याचा तोटा आहे, हे मला कळतं. म्हणून तपासणीचे पैसे वेगळे घ्या, आणि ग्राहकांनीही ते खळखळ न करता द्यावेत. आपण चष्म्याच्या फ्रेमला पाच हजार मोजतो आणि तपासणी फुकट मागतो.

त्या चिठ्ठीवर निदान लिहू नये. कोणता डोळा, कोणती बाजू, कधीपासून, एकदम की हळूहळू, दुखतं की नाही, बाहुली कशी, औषधं कोणती, एवढंच. निदान पुढच्याला करू द्या. कोरी फाईल मिळाली तर तो निदान रुग्णाला बघून करेल, पहिल्या पानावर बघून नाही.

तुमचे प्रश्न असतील तर घेते. फक्त, ज्यांना स्वतःचे रिपोर्ट दाखवायचे आहेत त्यांनी इथे स्टेजवर नको. बाहेर या, उजेडात बघू.